नाकाला फिलर घेतल्याने खरंच डोळा जाऊ शकतो का?

हो, जाऊ शकतो. फार क्वचित घडतं, पण घडतं. तुमच्या बहिणीला नाकावरचा उंचवटा फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायच्या पदार्थाने, झाकायचा आहे आणि क्लिनिकवाले 'दोन दिवस सूज येते, बाकी काही नाही' एवढंच सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि स्वतः फिलर देते, तरी हे उत्तर मला अपुरं वाटतं.

नाकावरच्या आणि दोन भुवयांमधल्या बारीक धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुईचं टोक चुकून अशा धमनीत शिरलं आणि सिरिंज जोरात दाबली गेली, तर फिलर रक्ताच्या उलट दिशेने मागे रेटला जातो. दाब सुटला की रक्त त्याला पुन्हा पुढे ढकलतं, आणि या वेळी तो डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत जाऊन अडकू शकतो. पडदा रक्ताविना जेमतेम तास-दीड तास तग धरतो. म्हणून जाणकार डॉक्टर अगदी थोडा थोडा आणि सावकाश फिलर सोडतात. सुईऐवजी कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, वापरल्याने धोका कमी होतो, संपत नाही.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातली अशी 98 प्रकरणं एकत्र केली होती. सर्वाधिक भुवयांमधल्या भागातली, त्याखालोखाल नाकाची. आणि जवळपास निम्म्या जणांना टोचली होती ती त्यांच्याच शरीरातून काढलेली चरबी! 'आपलीच चरबी, तिचा कसला धोका' हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

डोळ्यापेक्षा जास्त वेळा त्वचेची धमनी बंद पडते, आणि ते वेळेत ओळखता आलं तर बरंच वाचवता येतं. त्वचा एकदम पांढरी पडते, नंतर जाळीसारखे जांभळट पट्टे उमटतात. बोटाने दाबून सोडलं तर रंग परतायला वेळ लागतो. साधा मुका मार लागल्यासारखा डाग आणि हे जाळं यात फरक आहे. वेदना असतेच असं नाही, कारण पुष्कळ फिलरमध्ये बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी तिथे पूवाचे बारीक फोड येतात. त्यांना मुरूम किंवा नागीण समजून मलम लावत बसलं की त्वचा सडायला लागते.

यावर उपाय म्हणजे हायल्युरॉनिडेज, फिलर विरघळवणारं एन्झाइम. लगेच, भरपूर आणि गरज पडेल तसं पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मात्र ते फक्त हायल्युरॉनिक ॲसिड या जेलसारख्या पदार्थाच्या फिलरवर चालतं. कॅल्शियमचा, कायमस्वरूपी राहणारा किंवा चरबीचा फिलर त्याने विरघळत नाही. दृष्टी गेली असेल तर हायल्युरॉनिक ॲसिडच्या बाबतीतही ती परत येईलच अशी खात्री देता येत नाही.

म्हणून बहिणीला दोनच गोष्टी विचारायला सांगा: सिरिंजमध्ये नेमकं काय आहे, आणि हायल्युरॉनिडेज याच खोलीत ठेवलेलं आहे का? 'मागवून घेऊ' म्हणाले तर उठून यावं.

बोटॉक्सचं तुम्ही जाता जाता विचारलंय. ते स्नायू सैल करतं, धमनी बुजवत नाही. पापणी उतरली तरी काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट इस्पितळ गाठायचं. बनावट माल टोचल्यावर असे प्रकार झालेले आहेत. फिलरच्या गाठी तर महिन्यांनंतरही उठू शकतात. त्या जिवावरच्या नसतात, चिवट मात्र असतात.

एक तुम्ही लिहिलेलं नाही: बहिणीच्या नाकाची आधी शस्त्रक्रिया झाली आहे का? झाली असेल तर आतल्या व्रणांमुळे धमन्यांच्या जागा बदललेल्या असतात आणि त्या सुईपुढून सरकत नाहीत. अशा नाकाला मी स्वतः फिलर देत नाही.