मद्य न घेणाऱ्या आई-वडिलांना बोनला न्यावे का?

आई-वडिलांसह फ्रान्समधील दिजाँला जाणार आहोत, दोघेही मद्य घेत नाहीत, तर बोनसारख्या वाइनच्या गावासाठी एक दिवस द्यावा का, असा आपला प्रश्न आहे. अवश्य द्यावा. माझ्या आई-वडिलांनी तेथे वाइनचा थेंबही घेतला नाही, तरी फ्रान्सच्या त्या प्रवासातील ज्या दिवसाविषयी आई आजही बोलते तो बोनचाच आहे.

बोनमध्ये सर्वप्रथम पाहायचे ते एक जुने धर्मादाय रुग्णालय, ओतेल-द्यू. युद्ध, दुष्काळ आणि रोगराईने परिसर होरपळलेला असताना, १४४३ मध्ये बर्गंडीच्या, म्हणजे याच प्रदेशाच्या, ड्यूकचा चान्सलर (मुख्य मंत्री) निकोला रोलाँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालाँ यांनी ते गोरगरिबांसाठी स्थापन केले. १४५२ च्या १ जानेवारीला पहिला रुग्ण आत आला आणि थेट १९७१ पर्यंत या वास्तूत रुग्णसेवा चालू राहिली. रस्त्यावरून ती इमारत उंच, करडी आणि काहीशी रुक्ष वाटते. चौकात पाऊल टाकल्यावर मात्र तांबड्या, पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी असलेली छपरे एकदम समोर येतात.

माझी आई अनेक वर्षे परिचारिका होती, त्यामुळे ‘गरिबांच्या दालना’तून तिचा पाय निघेना. उलट्या ठेवलेल्या नावेसारखे लाकडी छत, रंगवलेल्या राक्षसांच्या जबड्यांतून बाहेर पडणाऱ्या तुळया आणि दोन्ही भिंतींलगत लाल पडद्यांच्या खाटांची रांग, असे हे दालन आहे. एकेका खाटेवर पूर्वी दोन-दोन रुग्ण झोपवत असत. दालनाच्या टोकाला भिंत न घालता प्रार्थनामंदिरच ठेवले आहे, म्हणजे ज्याला उठता येत नाही त्यालाही अंथरुणावरून प्रार्थना ऐकता यावी. रुग्णाचा इतका विचार करून बांधलेली इमारत आपण पूर्वी पाहिली नव्हती, असे आई म्हणाली. रोगियर व्हॅन डर वेडन या चित्रकाराचे, ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायाचे नऊ फलकांचे चित्र याच मंदिरासाठी काढलेले होते. आता ते वेगळ्या, मंद प्रकाशाच्या खोलीत आहे. तेथे घाई करू नये.

वाइनचा संबंध येथेच येतो. १४५७ मध्ये रुग्णालयाला पहिला द्राक्षमळा दान मिळाला आणि पुढील शतकांत अशा दानांची भर पडत जाऊन आज संस्थेकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत. आपल्याकडे देवस्थानाचा खर्च चालावा म्हणून इनाम जमिनी दिल्या जात, तशीच ही व्यवस्था आहे, हे सांगताच वडिलांना सर्व उलगडले. १८५९ पासून या मळ्यांच्या वाइनचा लिलाव होतो; नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी पिंपांवर बोली लागते आणि त्या उत्पन्नाचा उपयोग आजही रुग्णालयासाठी होतो. वृद्ध माणसे सोबत असतील तर तो शनिवार-रविवार टाळावा, कारण गर्दी फार असते.

दुपारनंतर फालो यांच्या मोहरीच्या कारखान्याला भेट द्यावी. १८४० पासून चालत आलेल्या या कारखान्यात मोहरी अजूनही दगडी जात्यावर दळतात, कारण उष्णता वाढली की तिचा झणका जातो. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या आईला हे समजावून सांगावे लागले नाही. चव घेण्यापूर्वी घटक मात्र विचारावेत, कारण काही प्रकारांत पांढरी वाइन असते.

तीच काळजी जेवणातही घ्यावी. बर्गंडीचे अनेक प्रसिद्ध पदार्थ वाइनमध्येच शिजवलेले असतात, म्हणून मागणी देण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. शक्य असल्यास शनिवारी जावे; त्या सकाळी ओतेल-द्यूसमोरच बाजार भरतो आणि पाव, चीज, फळे घेऊन उत्तम जेवण होते.

दिजाँहून आगगाडीने साधारण २० ते २५ मिनिटे लागतात आणि बोन स्थानकापासून गावाचा मध्यभाग पायी जाण्याइतका जवळ आहे. पायांत बळ उरले असेल तर संध्याकाळी दक्षिणेस पोमार या शेजारच्या गावाच्या दिशेने थोडे चालून यावे. बोन संपताच मळे सुरू होतात, आणि कमरेइतक्या उंचीच्या त्या वेलींच्या रांगा, मधूनमधून दगडी कुंपणे आणि वर चढत जाणारा उतार पाहण्यासाठी वाइनची आवड असावी लागत नाही.