रिव्हॉल्व्ह केलेला शंकू, पिन आणि स्लीव्ह: वजन कुठे चुकतं, भाग का बनत नाही

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. हॉपरचा (माल ओतायच्या नरसाळ्यासारख्या भांड्याचा) शंकू, डोक्याची पिन आणि एक पोकळ स्लीव्ह असे तीन गोल भाग तुम्हाला डिटेलिंगच्या (म्हणजे शॉपसाठी ड्रॉईंग आणि याद्या काढायच्या) मॉडेलमध्ये रिव्हॉल्व्ह करून, म्हणजे सेक्शन अक्षाभोवती फिरवून, घालायचे आहेत. शंकूचं वजन तुमच्याकडे 82 किलो येतंय आणि डिझाईनवाल्यांच्या तक्त्यात 91.5 आहे. पिन बनतच नाही, सॉफ्टवेअर प्रोफाईल (फिरवायच्या सेक्शनची बाह्यरेषा) अमान्य आहे म्हणतं. स्लीव्ह बाहेरून बरोबर दिसते, पण सेक्शन कापला की आतून भरीव. तुम्ही इंदूरचे, मी बडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या कामांचं डिटेलिंग गेली अठरा वर्षं करतोय आणि या तिन्ही गोष्टी माझ्या टेबलावरून गेलेल्या आहेत. तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं सांगता येईल.

आधी शंकू. वर बाहेरचा व्यास 1000, खाली 400, उंची 600, प्लेट 8 मिमी. तुम्ही 'पोकळ' हा पर्याय निवडलात आणि जाडी 8 भरलीत. तुमच्या सॉफ्टवेअरने ती जाडी आडवी मोजली, म्हणजे वरच्या आणि खालच्या त्रिज्येतून सरळ 8-8 वजा केले. पण प्लेट तिरकी उभी आहे. 600 उंचीत त्रिज्या 300 ने कमी होते, म्हणजे भिंत उभ्या रेषेपासून 26.57 अंशांनी कललेली. अशा भिंतीत आडवं 8 धरलं, तर प्लेटला काटकोनात मोजलेली जाडी 7.16 मिमीच भरते. तुमच्या मॉडेलमध्ये आज 7.16 ची प्लेट उभी आहे आणि ड्रॉईंगवर 8 लिहिलेलं आहे. खरी 8 हवी असेल तर आडवं माप 8.94 पाहिजे.

खात्री कागदावर करून घ्या. गोल फिरवलेल्या आकाराचं घनफळ म्हणजे अर्ध्या सेक्शनचं क्षेत्रफळ गुणिले त्या सेक्शनच्या गुरुत्वमध्याने एका फेऱ्यात कापलेलं अंतर. हा नियम चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाचा. मला तो कलाभवनात भेटला. सयाजीरावांनी 1890 मध्ये सुरू केलेलं कलाभवन, तिथे आमचे ड्रॉईंगचे सर पत्र्याचं डेव्हलपमेंट (आकार सपाट उलगडून मापं काढणं) शिकवताना हाच नियम फळ्यावर लिहायचे आणि हातानेच वजन काढायला लावायचे. तेव्हा कंटाळा यायचा. आता एकही रिव्हॉल्व्ह मी त्याच्याशिवाय सोडत नाही. तुमच्या शंकूत तिरकी लांबी 670.8, जाडी 8, म्हणजे सेक्शन 5366 चौरस मिमी. गुरुत्वमध्य अक्षापासून सरासरी 345.5 वर. दोन पाय (π) गुणिले 345.5 गुणिले 5366 म्हणजे साधारण 1 कोटी 16 लाख 50 हजार घन मिमी, आणि पोलादाच्या 7850 किलो प्रति घनमीटर घनतेने 91.5 किलो. डिझाईनवाल्यांचा आकडा बरोबर आहे. आडवे 8 धरून हेच गणित केलंत तर 82 येतं, तुमच्या स्क्रीनवर दिसतंय तेच.

म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये 'पोकळ' पर्याय पहिल्यांदा वापरताना एक तिरका तुकडा बनवून त्याची जाडी काटकोनात मोजून बघा. सरळ नळीवर तपासून काही कळत नाही, तिथे दोन्ही मापं एकच येतात. जाडी आडवी घेतली जात असेल तर 'पोकळ' पर्याय सोडून द्या, बाहेरची रेषा काटकोनात 8 ने ऑफसेट करा, दोन्ही टोकं जोडून बंद प्रोफाईल बनवा आणि ते फिरवा. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो, कारण त्यात सॉफ्टवेअरचं मत मध्ये येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पुष्कळ डिटेलिंग सॉफ्टवेअर गोल पृष्ठभाग खरा गोल ठेवत नाहीत, त्याचे सपाट पैलू पाडतात. 24 पैलू असतील तर 500 त्रिज्येवर पैलूचा मध्य खऱ्या वर्तुळापेक्षा 4.3 मिमी आत असतो आणि वजनही साधारण 1.1 टक्का कमी येतं. 72 पैलू केले की ती तफावत अर्ध्या मिमीवर येते. हॉपरच्या भोवती रिंग बसवताना क्लॅश (दोन भाग एकमेकांत घुसलेले) दाखवतोय आणि कारण सापडत नाही, असं झालं तर आधी पैलूंची संख्या बघा. सगळ्या मॉडेलभर 72 ठेवू नका, मॉडेल रांगायला लागेल. जिथे गोलात गोल बसतो तेवढ्याच भागांना द्या.

आता पिन. डोकं 120 व्यासाचं, 20 जाड. दांडा 80 व्यासाचा, 180 लांब. तुम्ही पाठवलेल्या स्केचमध्ये पिनचा पूर्ण सेक्शन आहे, अक्षाच्या दोन्ही बाजूंचा. तिथेच अडलंय. रिव्हॉल्व्हला अर्धाच सेक्शन लागतो, आणि तो अक्षाला ओलांडून जाता कामा नये. पूर्ण सेक्शन फिरवला की आकार स्वतःतूनच जातो आणि सॉफ्टवेअर नाही म्हणतं. ते बरोबरच करतं. बिंदू हाताने भरा, अक्ष एक्सवर धरून: 0,0, मग 0,60, मग 20,60, 20,40, 200,40 आणि शेवटी 200,0. तिथून परत 0,0 वर बंद. अक्षावरची कड अक्षावर पूर्ण टेकलेली असली पाहिजे. एकाच बिंदूत टेकलेला आकारही बऱ्याचदा बनत नाही.

पीडीएफवरून रेषा ट्रेस करून प्रोफाईल घेऊ नका. मी एकदा तपासायला आलेल्या मॉडेलमध्ये एक पिन बघितली, वरून निर्दोष. सेक्शन घेतला तर मधोमध केसाएवढं भोक आरपार. प्रोफाईल अक्षापासून 0.3 मिमी वर राहिलं होतं, त्यामुळे सगळ्या लांबीत 0.6 व्यासाची पोकळी तयार झाली. वजनात ते कधीच दिसलं नसतं.

ऑटोकॅडमध्ये रिव्हॉल्व्ह करत असाल तर एवढं बघा की पॉलिलाईन खरोखर बंद आहे. उघडी असेल तर घन न बनता नुसता पृष्ठभाग बनतो, आणि त्याला घनफळच नसतं. ॲडव्हान्स स्टील या डिटेलिंग सॉफ्टवेअरमध्ये तो घन मग स्पेशल पार्ट करून घेता येतो, टेकला या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेप कॅटलॉगमध्ये आणून आयटम म्हणून ठेवता येतो. दोन्हीकडे एक गोष्ट मान्य करून चालायचं: तो भाग तयार प्रोफाईलसारखा (नळी, अँगल अशा ठरलेल्या सेक्शनसारखा) लांबी-रुंदीचे आकडे बदलून बदलत नाही. माप बदललं की आकार नव्याने. म्हणून मूळ अर्धा सेक्शन वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवा, अक्षासकट.

पिनच्या बाबतीत याहून महत्त्वाचं सांगायचंय. तयार पिनचं वजन 8.9 किलो येईल. पण ती लेथवर बारमधून काढणार असतील तर आधी 125 चा गोल बार 205 लांब कापावा लागणार. व्यासाचा वर्ग भागिले 162, हे शॉपमधलं जुनं गणित तुम्हाला माहीत असेलच. त्याने मीटरला 96.45 किलो, म्हणजे त्या तुकड्याचे 19.8 किलो. निम्म्याहून जास्त लोखंड चुरा होऊन ट्रेमध्ये पडणार. तुमच्या मटेरियल लिस्टमध्ये फक्त 8.9 गेलं तर खरेदीवाला कुठला बार मागवेल? त्याला 80 चा दिसेल, 120 चा दिसेल, 125 चा कुठेच दिसणार नाही. याउलट 80 च्या बारवर 120 ची चकती वेल्ड करायची असेल तर तो एक रिव्हॉल्व्ह भाग नाहीच; दोन भाग आणि एक वेल्ड आहे. मॉडेलमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात. शॉपमध्ये ती दोन वेगळी कामं आहेत. म्हणून रिव्हॉल्व्हला हात घालण्याआधी मी नेहमी विचारतो: हा भाग कशातून निघणार? बारमधून, नळीतून, वाकवलेल्या प्लेटमधून, की कास्टिंगमधून? उत्तर मिळेपर्यंत मी सेक्शन काढत नाही.

याच कारणाने स्लीव्हबद्दल तुम्हाला मी वेगळंच सुचवणार आहे. बाहेरचा व्यास 610, जाडी 10. भरीव दिसण्याचं कारण साधं आहे. आतला सिलिंडर तुम्ही घातलात, पण तो वजा झालेला नाही, दोन भाग एकमेकांत बसलेत. वजा करताना कापणारा सिलिंडर दोन्ही टोकांना 5-5 मिमी बाहेर काढा. नेमक्या त्याच लांबीचा ठेवला तर दोन्हींची तोंडं एकाच पातळीत येतात आणि काप कधी होतो, कधी होत नाही. झालाच तर टोकाला शून्य जाडीचा पडदा राहतो. सरळ मार्ग वरचाच: अर्ध्या सेक्शनमध्ये फक्त 10 मिमीची पट्टी काढा, अक्षापासून 295 ते 305, आणि ती फिरवा.

पण मुळात सरळ नळीला रिव्हॉल्व्ह कशाला? पाईप प्रोफाईल द्या. रिव्हॉल्व्ह केलेली नळी लिस्टमध्ये नुसता 'भाग' म्हणून येते, खरेदीवाल्याला ती, समजा, 150 एनबीची (नॉमिनल बोअर, म्हणजे नळीचं नाममात्र माप) 168.3 बाहेरच्या व्यासाची नळी आहे की काय हे कळत नाही. सीएनसी मशीनसाठी डीएसटीव्ही फाईल (भागाची मापं मशीनला देणारी) काढलीत तर तिथे नळीला आणि गोल बारला आपापले कोड आहेत. रिव्हॉल्व्ह केलेला आकार 'विशेष' या खात्यात जातो, नाहीतर फाईलच निघत नाही. रिव्हॉल्व्ह तिथेच वापरा जिथे व्यास लांबीत बदलतो: शंकू, डिश एंड, खांद्याची पिन, कॉलरचा बुश.

610 ची स्लीव्ह प्लेट रोल करून बनणार असेल तर सपाट लांबी काढताना मधला व्यास घ्या. 600 गुणिले पाय, 1885. हे मी शिकलो ते नुकसान करून. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, अशाच चार शेलच्या (रोल केलेल्या नळकांड्यांच्या) कटिंग लिस्टमध्ये मी बाहेरचा व्यास धरून 1916 लिहिलं. प्लेट कापल्या गेल्या, रोल झाल्या, वेल्ड झाल्या. रिंग प्लेटची भोकं 612 ची आधीच तयार होती आणि शेल भरला 620. रोलिंग मशीनवरचे काका मला बोलावून घेऊन गेले, टेप शेलभोवती गुंडाळली आणि आकडा माझ्याकडून वाचून घेतला. चारही शेल सीमवर (वेल्डच्या सांध्यावर) कापून 31 मिमीची पट्टी काढावी लागली, पुन्हा रोल, पुन्हा वेल्ड. मॉडेल बरोबर होतं. फिरवलेल्या आकाराला सीम नसते, आणि सपाट लांबी कुठून घ्यायची ते आकार सांगत नाही. तेव्हापासून रोल होणाऱ्या प्रत्येक भागाच्या ड्रॉईंगवर मी सपाट माप आणि सीमची जागा स्वतः लिहितो. रिव्हॉल्व्हची सुरुवात जिथून होते ती कड सीमच्या जागी आणून ठेवा, म्हणजे वेल्डचं चिन्ह लावायला जागा मिळते. शेजारच्या शेलची सीम तिच्याच रेषेत येऊ देऊ नका.

तुमच्या शंकूचं सपाट माप काढून देतो, पडताळायला उपयोगी पडेल. मधल्या पृष्ठभागावर वरचा व्यास 991, खालचा 391. सपाट उलगडलेल्या पंख्यासारख्या आकाराची बाहेरची त्रिज्या 1108, आतली 437, कोन 161 अंश. सॉफ्टवेअरच्या डेव्हलपमेंटमध्ये कोन एवढाच येईल; त्रिज्या 10 मिमीने जास्त आल्या तर त्याने बाहेरचा पृष्ठभाग उलगडलाय असं समजा. प्लेट एका तुकड्यात बसत नसेल तर रिव्हॉल्व्ह 360 ऐवजी 180 अंशांचे दोन करा, म्हणजे लिस्टमध्येही दोन भाग आणि दोन सीम येतील.

रंगाचं क्षेत्रफळही बघून घ्या. पोकळ भागाचं क्षेत्रफळ सॉफ्टवेअर आतून-बाहेरून दोन्ही देतं. दोन मीटरच्या स्लीव्हला बाहेरून 3.83 चौरस मीटर आणि आतून 3.71. दोन्ही टोकं बंद असतील तर आतला रंग कोणी मारणार नाही, पण तो लिस्टमध्ये राहिला तर रंगाचा हिशेब जवळजवळ दुप्पट.

आणि हे शेवटचं नक्की विचारा. तुम्ही लिहिलंय की स्लीव्हच्या दोन्ही तोंडांना प्लेट आहे. ती स्लीव्ह गॅल्व्हनाईज होणार (वितळलेल्या जस्तात बुडवली जाणार) आहे का ते लिहिलेलं नाही. होणार असेल तर दोन्ही टोकांना व्हेंट होल (हवा निघायची भोकं) मॉडेलमध्ये आजच घाला, समोरासमोरच्या कडांना, एक वर आणि एक खाली, मापं गॅल्व्हनायझरकडून घेऊन. जस्ताची टाकी 450 अंशांच्या आसपास असते. आत अडकलेल्या थोड्याशा ओलीची वाफ झाली की बंद भाग फुटतो, आणि टाकीच्या काठावर माणसं उभी असतात. उत्तर कळलं की स्लीव्हच्या टोकाचा स्केच इथे टाका, भोकं कुठे येतील ते बघून सांगतो.