शब्द सापडला, पण शेरा वाचलात का?

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी निपाणीपासून खानापूरपर्यंतचे पालक आणि विद्यार्थी मला एकच गोष्ट विचारत असतात: “सर, हा इंग्रजी शब्द खरा आहे का?” या खेपेला आलेले प्रश्न असे.

मुलीने पत्रात ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) लिहिलं. शेजारी म्हणतात, असा शब्दच नाही. (निपाणी)

आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, पुढे ‘भारतीय इंग्रजी’ असा शेराही आहे. धारवाडच्या कॉलेजला पत्र असेल तर चालेल, लंडनला असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावं. पेपरात चालेल का, ते वर्गशिक्षकांना विचारा. शेजाऱ्यांवर विसंबू नका.

‘फर्निचर्स’? (चिकोडी)

नाही. खुर्च्या कितीही असोत, ‘फर्निचर’च.

‘स्नीक’चं (गुपचूप सटकणं) भूतकाळाचं रूप ‘स्नक’ असं वाचलं. चूक ना? (शहापूर)

चूक नाही. अमेरिकेत ते रुळलेलं आहे. दहावीच्या पेपरात मात्र ‘स्नीक्ड’च लिहा.

‘इररिगार्डलेस’ डिक्शनरीत आहे म्हणून बरोबर, असं मुलगा म्हणतो. क्लासचे सर म्हणतात, तो शब्दच नव्हे. खरं कुणाचं? (खानापूर)

दोघांचंही अर्धंच. हा घोळ मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘रिगार्डलेस’ म्हणजे ‘पर्वा न करता’. त्यातल्या ‘लेस’ने नकार एकदा येऊन गेलेला असतो. पुढे ‘इर’ लावला की तोच नकार दुसऱ्यांदा येतो. बहुधा ‘इररिस्पेक्टिव्ह’ची सरमिसळ होऊन हे रूप झालं. तरी लोक ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरत आले आहेत, म्हणून मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशकारांच्या १९३४ च्या मोठ्या कोशाने ते घेतलं. आजही ते कोशात आहे, पण ‘अप्रमाण’ या शेऱ्यासह. म्हणजे शब्द आहे, पण अर्जात, निबंधात, मुलाखतीत तो लिहू-बोलू नये. तुमच्या मुलाने शब्द पाहिला आणि शेरा सोडून दिला. सरांनी तर कोश उघडलेलाच दिसत नाही.

त्याच १९३४ च्या कोशात ‘डॉर्ड’ नावाचा एक शब्द छापला गेला, अर्थ दिला ‘घनता’. असा शब्द कधी कुणी उच्चारलेला नव्हता. घनतेसाठी ‘डी’ हे अक्षर मोठं किंवा लहान लिहावं, अशा अर्थाची ‘डी ऑर डी’ (D or d) अशी एक चिठ्ठी होती. संक्षेपांऐवजी ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरं एकमेकांना जुळून ‘Dord’ असा शब्द झाला. १९३९ मध्ये एका संपादकाला त्याची व्युत्पत्तीच दिसेना, तेव्हा चूक उघडकीस आली.

म्हणून मी कळकळीने सांगतो, कोश ही माणसांनी केलेली नोंदवही आहे. शब्द जगतो तो बोलणाऱ्यांच्या तोंडी, आणि तो कुठे शोभतो हे शेरा सांगतो. आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात हे वेगळं शिकवावं लागू नये. अक्का, अण्णा, तूप हे शब्द कन्नडकडून आले आणि घराघरांत मराठी झाले. घरी आपण एक बोलतो, बाजारात दुसरं, कचेरीत तिसरं, आणि कुठे काय बोलावं हे आपल्या पोरांना बरोबर कळतं. इंग्रजी आलं की मात्र तीच पोरं ‘खरा की खोटा’ एवढंच विचारून घाबरून गप्प बसतात. मला काळजी वाटते ती या गप्प बसण्याची. शंका आली की चांगला कोश उघडा, शेरा वाचा, आणि तरीही उलगडा झाला नाही तर शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना गाठा.

क्लासवाले मुलांकडून पंचेचाळीस अक्षरांचा फुफ्फुसाच्या रोगाचा शब्द पाठ करून घेतात. फी भरावी का? (टिळकवाडी)

एवढ्यासाठी अजिबात भरू नका. सर्वांत लांब शब्द व्हावा म्हणूनच तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी रचला. डॉक्टर नुसतं ‘सिलिकोसिस’ लिहितात. स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश भरतात, एवढाच त्याचा उपयोग. त्या वेळात मुलाला रोज पाच वाक्यं लिहायला लावा आणि ती शिक्षकांकडून तपासून घ्या.

अर्जात ‘अपडेशन’ लिहिलं. मोबाईल खाली लाल रेघ दाखवतो. उद्या शेवटची तारीख आहे. (बेळगाव)

लाल रेघ म्हणजे निकाल नव्हे. ती तुमच्या आडनावाखालीही येते. ‘अपडेशन’ आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्रास चालतं. फॉर्मवरच छापलेलं असेल तर तसंच ठेवा, स्वतः लिहिताना ‘अपडेट’ लिहा. पण हा प्रश्न माझ्या हाती पडेपर्यंत तुमची तारीख उलटून गेली होती. पुढचा अर्ज आठ दिवस आधी लिहून काढा आणि पाठवण्यापूर्वी जवळच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना दाखवा.