आजोबांची फियाट रंगवू का?

प्रश्न : आमच्या आजोबांची १९७१ ची फियाट, प्रीमियरची ११०० डिलाइट, नौपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली उभी आहे, २००९ पासून कोणी चालवलीच नाहीये. रंग मूळचाच फिकट निळा, दरवाज्यांपाशी उडालाय, बॉनेटवर गंज, सीटचं रेक्झिन फाटलंय, आणि डॅशबोर्डवर आजीने चिकटवलेला गणपती अजून तसाच. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, चार महिन्यांत जागा रिकामी करायची. चुलतभाऊ म्हणतो पूर्ण खोलून चकाचक करू, लाल मेटॅलिक मारू, मारुतीचं इंजिन टाकू, एसी लावू, लग्नाला भाड्याने पण देता येईल. बाबा म्हणतात भंगारात घाल. आरसी अजून आजोबांच्याच नावावर, ते जाऊन बारा वर्षं झाली. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी चुलतभावाला फोन करून सांगा बाबा हात लावू नकोस, मग पुढचं वाचा.

लाल मेटॅलिक फियाट पैसे टाकले की कुठेही बनवून मिळते हो. पण तुमच्या आजोबांनी उजवा कोपर खिडकीत टेकवून टेकवून जिथला रंग घासलाय तो पुन्हा कोण घासणार? अशा न रंगवलेल्या गाड्या आता फार कमी राहिल्यात, बहुतेकांच्या अंगावर तीन-तीन थर पुट्टी असते. तुमच्याकडे मूळ रंग आहे, मूळ रेक्झिन आहे, १०८९ सीसीचं मूळ इंजिन आहे, स्टीअरिंगखालचा गिअरचा दांडा आहे. आणि गंमत बघा, प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला होता, त्यामुळे ही गाडी नवी कोरी असताना कुर्ल्याहून ठाण्याला येणाऱ्या एलबीएस रोडनेच आली असणार.

भावाला कायद्याची भाषा कळत असेल तर तीही ऐकवा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यात मोठा फेरबदल चालत नाही, तेव्हा मारुतीचं इंजिन टाकलं की तो रस्ताच बंद. आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे मला सगळ्यात आवडलं. मात्र व्हिंटेज केली की रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. लग्नाचं भाडं विसरा. गणपतीला डोंबिवलीला मामाकडे न्यायची हौस असेल तर नॉर्मल नोंदणी रिन्यू करणं बरं, ते घरात बसून आधी ठरवा.

पण या सगळ्याच्या आधी नाव. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा असा नियम आहे, तुम्हाला बारा वर्षं झाली, म्हणजे दंड भरावा लागेल, भरा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. काका-आत्या आज सह्या देतील, उद्या कोणीतरी सांगेल की अशा गाडीला लाखो मिळतात आणि मग बघा कशी भांडणं लागतात ती.

आता गाडी. मी जे सांगतोय ते नवी करणं नाही, फक्त जिवंत करणं आहे. डायरेक्ट बॅटरी लावून सेल (स्टार्टर) मारू नका, इतकी वर्षं बसलेलं इंजिन जाम असू शकतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग मिस्त्रीला हाताने फिरवून बघू दे. टाकी उतरवून आतला गंज साफ, कार्ब्युरेटर खोलून साफ, पेट्रोलचे सगळे पाइप नवीन, कारण आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ब्रेकमध्ये काटकसर नको, चारही चाकांना ड्रम आहेत, रबरं, सिलिंडर, ऑइल, टायर सगळं बदला. सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधा, काढलेला प्रत्येक मूळ पार्ट डब्यात ठेवा. गाडी उचलून मॅटखालचा पत्रा बघा, तिथे भोक असेल तर तेवढंच वेल्डिंग करून खालून अँटी-रस्ट मारा. बॉनेटवरचा गंज हलक्या हाताने पुसून वरून वॅक्स, बास. रेक्झिन फाटलंय ना, त्यावर टॉवेल टाका, आपल्याकडे तीच पद्धत होती.

आणि पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर कृपा करून घालू नका, आत वाफ धरते आणि गाडी घरातल्या घरात कुजते. छपराखालची कोरडी जागा आणि सुती कव्हर. नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंग मिळेपर्यंत भाड्याचं गॅरेज बघा, तो खर्च चुलतभावाने करावा, नाहीतरी तो रंगाचे पैसे घेऊन तयारच होता.

गणपती आहे तिथेच राहू दे.

प्रश्न : बाबांची १९८४ ची प्रिया स्कूटर आहे, व्हिंटेज होईल का?
– नेरूळ

उत्तर : २०३४ मध्ये विचारा. तोपर्यंत टाकीतलं जुनं पेट्रोल काढा आणि क्रोम करून देतो म्हणणाऱ्याला गेटच्या आत घेऊ नका.