पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मुलगी सातवीत आहे, लॅब्रॅडॉरसाठी केव्हाची मागे लागलीय. पुण्याच्या एका ब्रीडरशी फोनवर बोललो. 'डबल बोन, शो क्वालिटी, ३५ दिवसांचं पिल्लू आहे, पेपर हवे असतील तर आठ हजार जास्त' असं तो म्हणतो. व्हिडिओ पाठवलेत, पिल्लं गुटगुटीत दिसतात. निम्मे पैसे आधी पाठवा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सांगलीला पोचवतो म्हणाला. माणूस बोलायला चांगला वाटला. घ्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका घेऊ. पैसे पाठवले नसतील तर आजच नाही म्हणून कळवा.

पस्तीस दिवस म्हणजे पाच आठवडे. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू विकताच येत नाही. त्या उरलेल्या तीन आठवड्यांत पिल्लू भावंडांशी खेळता खेळता किती जोराने चावायचं ते शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. हे न शिकता घरी आलेलं पिल्लू तुमच्या मुलीच्या हातांवर ते शिकणार, आणि मग 'कुत्रं चावरं निघालं' म्हणून लोक त्याला माझ्याकडे घेऊन येतात. विकणाऱ्याला मात्र हे तीन आठवडे म्हणजे खाणं, जंताचं औषध, लस, असा नुसता खर्च. घाई असते ती त्यासाठी.

काही जण वय सरळ वाढवून सांगतात. अशा वेळी पिल्लाचं तोंड हळूच उघडून बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे जवळपास सगळे, म्हणजे २८ दात आलेले असतात. पाच आठवड्यांच्या पिल्लाला सुळे आणि पुढचे दात दिसतात, मागच्या दाढा अजून हिरडीतून पुरत्या वर आलेल्या नसतात.

गेल्या पावसाळ्यात असंच बसने मागवलेलं एक लॅब माझ्याकडे आणलं. शनिवारी आलं तेव्हा घरभर उड्या मारत होतं म्हणे. मंगळवारी उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब. हा पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. त्याच्या जुलाबाचा वास एकदा घेतला की विसरत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे व्हिडिओत उड्या मारणारं पिल्लू आजार पोटात घेऊनच निघालेलं असू शकतं. सोबतच्या कार्डावर लशीची तारीख होती, पण स्टिकर नव्हतं आणि डॉक्टरची सहीही नव्हती. खरी लस दिली की बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसती पेनाने लिहिलेली तारीख मी धरत नाही. सलाईन लावूनही ते पिल्लू वाचलं नाही, आणि त्या घरातल्या मुलाला काय सांगावं ते मलाही सुचेना.

आता पेपरचं. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. तिच्यावरून वंशावळ कळते, तब्येत कळत नाही. आणि नोंदणी सगळ्या वेताची होते. एकाच वेतातलं एक पिल्लू 'विथ पेपर' आणि दुसरं 'विदाउट' असा भाव कुणी सांगितला की मी तिथेच सावध होते. 'डबल बोन', म्हणजे जाड हाडांचं, हा तर बाजारात तयार झालेला शब्द, जातीच्या निकषांत तसलं काही नाही. 'सिल्व्हर लॅब'साठी जास्त पैसे मागणाराही भेटेल. लॅब्रॅडॉरचे मान्य रंग तीनच : काळा, पिवळा आणि चॉकलेटी.

मग घ्यायचं कसं? स्वतः जाऊन, पिल्लं जिथे जन्मली तिथे. पुढच्या खोलीत आणून दाखवलेल्या पिल्लांवर भुलू नका, आई कुठे आहे ते विचारा. पिल्लं पाजून ती रोडावलेली असेल, केसही झडले असतील. त्यात वावगं काही नाही. पण तिची नखं बघा, कोपरं बघा. नखं वाढून वाकलेली आणि कोपरांवर जाड घट्टे असतील, तर ती बहुतेक सिमेंटच्या फरशीवर कोंडूनच असते. मालकाने हाक मारल्यावर ती शेपूट हलवत येते की कोपऱ्यात सरकते, हे माझ्या लेखी सर्टिफिकेटपेक्षा मोठं. घाबरट आईची पिल्लं बऱ्याचदा घाबरटच निघतात. बाप तिथे नसला तर बिचकू नका, चांगला ब्रीडर जोडीसाठी मुद्दाम बाहेरचा नर शोधतो.

मग विचारा, हिचं हे कितवं वेत? आधीचं कधी झालं? नियमाप्रमाणे मादी दीड वर्षाची होईपर्यंत जोडी लावायची नाही, वर्षाला एकच वेत घ्यायचं आणि जन्मात पाचाच्या वर नाही. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे केलेली नोंदणी दाखवायला सांगा. लॅबमध्ये खुब्याचा दोष आईबापांकडून उतरतो, म्हणून दोघांच्याही खुब्याचा एक्स-रे काढलाय का ते विचारा. हा एक्स-रे काढणारे आपल्याकडे थोडेच आहेत. असा कुणी भेटला तर पिल्लासाठी सहा महिने थांबायची तयारी ठेवा.

आणि तो तुम्हाला काय विचारतो तेही ऐका. दिवसभर घरी कोण असतं, गच्चीवर बांधून ठेवणार का, याआधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? जमलं नाही तर पिल्लू मलाच परत द्या, दुसरीकडे देऊ नका, असं जो बजावतो त्याच्याकडून घ्या. तुमच्या ब्रीडरने फक्त पैसे कधी पाठवता तेवढंच विचारलेलं दिसतंय.

प्रश्न : आमची पग तीन वर्षांची आहे. एकदा तरी पिल्लं झाली नाहीत तर मादीच्या तब्येतीला वाईट, असं सगळे म्हणतात. जोडी लावावी का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, हा समज अगदी पक्का बसलाय, पण त्यात तथ्य नाही. एका वेताने तब्येत सुधारत नाही. पगचं तर उलटच, पिल्लांचं डोकं मोठं असल्याने बऱ्याचदा सिझेरियन करावं लागतं, आणि चपट्या नाकामुळे भूल देणंही जोखमीचं. पिल्लं नको असतील तर गर्भाशय काढून टाका, म्हणजे उतारवयात तिथे पू होण्याची भीती उरत नाही. ऑपरेशन मात्र हीट, म्हणजे माज, संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करा, आणि पगला भूल देण्याची सवय असलेल्या डॉक्टरकडेच करा.