आधी जॅक, मग पाकीट

पावसाळा सरला की जुन्या गाड्या शेडबाहेर निघतात आणि ‘पिकअपचं स्टिअरिंग जड झालंय’ ही पत्रं सुरू होतात. यंदा जवळजवळ प्रत्येक पत्रात आणखी एक वाक्य आहे : ‘मिस्त्री बॉक्स बदला म्हणतोय.’ बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी गिअरची पेटी. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

आजोबांची १९५२ ची शेव्हरोले पिकअप सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. आता स्टिअरिंग हलता हलत नाही. नवा बॉक्स शोधू का? (हडपसर)

बॉक्सचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. पुढचा एक्सल जॅकवर उचला, खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा, मागच्या चाकांना ओंडके द्या आणि स्टिअरिंग फिरवून बघा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल, तर टायर, हवा, अलाइनमेंट नाहीतर किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिचं, थ्रस्ट बेअरिंग. या बेअरिंगवर गाडीचं वजन आलं की मगच ते रडतं. हवेतही जड असेल तर ड्रॅगलिंक, म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा, सोडा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. चाकं हातानं वळवताना अडली तर किंगपिन किंवा बुश धरलेत. नुसतं स्टिअरिंग जड लागलं तर दोष बॉक्समध्ये किंवा कॉलममध्ये, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्याच्या नळीत. कॉलमचा ब्रॅकेट तिरका आवळला गेला तरी शाफ्ट अडकतो; तो सैल करून एकदा पाहा. ड्रॅगलिंक सुटलेली असताना स्टिअरिंग शेवटपर्यंत आपटू नका, आतले भाग दुखावतात.

सहा वर्षं उभ्या गाडीत मला पहिला संशय किंगपिनवरच येतो. पण एवढं तपासून झाल्यावर पिना ठोकून काढायचं काम बीम एक्सलवर (दोन्ही चाकांमधल्या अखंड आडव्या एक्सलवर) हात बसलेल्या माणसालाच द्या.

पुढच्या टायरमध्ये हवा किती ठेवू? (वानवडी)

मॅन्युअलमध्ये आहे तेवढी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजनं मोजून.

दर महिन्याला ग्रीस मारतो, तरी जड. (भोसरी)

गाडी जमिनीवर ठेवून मारत असाल. वजन असताना थ्रस्ट बेअरिंगच्या फटी मिटलेल्या असतात, मग ग्रीस सोप्या वाटेनं बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं, भरलं. एक्सल उचला, चाकं लोंबू द्या, मग गन लावा आणि चाक दोन्हीकडे वळवत राहा. निपल (ग्रीस भरायचं तोंड) चोंदलेलं असेल तर बदला, फार महाग नसतं. तरीही फरक पडला नाही तर दाखवून घ्या.

जीप पिकअप डांबरी रस्त्यावर वळताना अडकल्यासारखी होते, मातीत मात्र ठीक. (पिरंगुट)

पुढचा एक्सल गुंतलेला आहे, म्हणजे फोर-व्हील लागलेलं आहे. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून ठेवू नका. लिव्हर सोडूनही अडकत असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणारी पेटी) तपासून घ्या.

स्टिअरिंगला चार बोटं प्ले (चाकं न वळता फुकट फिरणं) होता. गॅरेजवाल्यानं बॉक्सवरचा स्क्रू फिरवून पाच मिनिटांत घालवला. आता हात भरून येतात आणि वळणानंतर चाक आपसूक सरळ होत नाही. ग्रुपवर म्हणतात, ‘चालवत राहा, सेट होईल.’ (कोथरूड)

सेट होईल म्हणजे काय होईल? झिजेल. या एका स्क्रूवर मी इतक्यांदा लिहिलंय की घरचे हसतात, तरी पुन्हा लिहितो.

या बॉक्समधला वर्म (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा आट्यांचा गिअर) आणि त्यात अडकणारा सेक्टर (दात्यांचा गिअर) चाकं सरळ असताना मुद्दाम घट्ट बसवलेले असतात. दोन्ही बाजूंना वळवत गेलं की थोडी सैल जागा येते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीज मधोमध होते. आता कुणी चाकं वळलेली असताना, म्हणजे सैल जागी, तो स्क्रू आवळला, तर मध्यावर येताच दात एकमेकांना चावतात. कात्रजच्या जुन्या घाटात वळण संपलं आणि चाक परत आलं नाही, तर पुढच्या क्षणी काय होईल ते मी सांगायला नको.

असा एक बॉक्स मी टेबलावर उघडला होता. तेलाऐवजी श्रीखंडासारखं घट्ट ग्रीस कोंबलेलं, कारण सील गळत होतं आणि सील बदलण्यापेक्षा ग्रीस भरणं सोपं. त्यात वर्मनं स्वतःपुरता बोगदा कोरलेला, वरचं बेअरिंग कोरडं ठाक आणि वर्मच्या मधल्या दातांवर नखाला लागतील असे ओरखडे. गिऱ्हाइकाकडून पैसे मात्र ‘सर्व्हिसिंग’चे घेतले होते.

आणि प्ले बॉक्समध्ये होता हे ठरवलं कुणी? एकानं स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघून ड्रॅगलिंक हलवणारा हात, बघायचा. स्टिअरिंग फिरतं पण आर्म हलत नाही, तर बॉक्स. आर्म हलतो पण चाक हलत नाही, तर ड्रॅगलिंक, टायरॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं, किंगपिन. बॉक्सच असेल तरी क्रम असतो : ड्रॅगलिंक सोडून आधी वर्मची बेअरिंगं, मग स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून तो स्क्रू. मॅन्युअल समोर ठेवून काम करणाऱ्याकडेच जा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

नाना पेठेत एक विक्रेता म्हणतो, पॉवर स्टिअरिंगचा किट घ्या, ‘डायरेक्ट फिटिंग’, दुखणंच मिटेल. (सदाशिव पेठ)

दुखणं मिटत नाही, दबतं. धरलेल्या किंगपिनला मोटर लावली तर मोटर जोर लावते, किंगपिन तसाच. शिवाय ‘डायरेक्ट फिटिंग’मध्ये चेसीला वेल्डिंग निघालंच म्हणून समजा. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते ती ५० वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक आणि मूळ स्वरूपातल्या गाडीला. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे, ती वाया घालवू नका. पिकअपच्या आरसीवर मालवाहू लिहिलंय का तेही पाहा आणि किटला हात लावण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत विचारून या.

वळताना खालून कट्‌कट् आवाज येतो, चार महिने झाले. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल ना? (बिबवेवाडी)

नाही. आणि गाडी चालवत नेऊ नका, टोइंगवर न्या. टायरॉड वाकलेला निघाला आणि कुणी ‘गॅसवर तापवून सरळ करून देतो’ म्हणालं, तर गाडी तशीच उचलून दुसरीकडे न्या.