आईला आता घरात एकटीला ठेवायचं कसं?

प्रौढ वयात दृष्टी गेलेल्या माणसांना पुन्हा घरात वावरायला, कामं करायला मदत करणं हे माझं काम. अशा माणसाच्या घरून मला येणारा पहिला फोन सहसा त्या माणसाचा नसतो. मुलाचा असतो, सुनेचा असतो, बायकोचा असतो. आणि प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: "यांना आता घरात एकटं ठेवायचं कसं?" मधुमेहाने पडदा खराब झालेला असो, काचबिंदू असो की अपघात, प्रश्न बदलत नाही. त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. पूर्णवेळ बाई ठेवू का? बाहेर जाताना गॅस सिलिंडरपाशीच बंद करून जाऊ का? माणूस नोकरीतला असेल तर राजीनामा द्यायचा का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते: घाईने अजिबात देऊ नका. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणाने माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. पहिलं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० तसं सांगतं.

एकटं ठेवण्याच्या प्रश्नाला मात्र एका ओळीचं उत्तर नाही. म्हणून मी माईंबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

माई साठीच्या. काचबिंदूने कडेची नजर हळूहळू जात राहिली, आणि समोरचं दिसत होतं तोवर कुणाला शंका आली नाही. चौकटीला खांदा आपटला की घरातले "अगं, सावकाश" म्हणायचे, तेवढंच. निदान झालं तेव्हा फार थोडं उरलं होतं, तेही गेलं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. वेळीच कळलं तर उरलेली राखता येते. तो रक्ताच्या नात्यातही उतरू शकतो, म्हणून मुलाला मी पहिल्याच भेटीत स्वतःचे डोळे तपासून घ्यायला लावले.

मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्ही आईला काही कमी पडू देत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देतो. तरी ती दिवसभर पडून असते. बोलत नाही, धड जेवत नाही."

मी माईंना विचारलं, "माई, सकाळी किती वाजता उठता?" उत्तर सुनेने दिलं. झोप लागते का विचारलं, उत्तर मुलाने दिलं. मग मी दोघांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

दार लागल्याचा आवाज आला तशा माई म्हणाल्या, "गेले का दोघं?"

"गेले."

"दिसत नाही त्याचं माझं रडून झालंय हो. पण परवा घरातलं मीठ संपलं, आणि मला पत्ता नाही. त्या घरातलं मीठ संपायच्या आधी मला ठाऊक असायचं. आता आज भाजी कुठली, ते ताटात पडल्यावर कळतं."

हे वाक्य माझ्या कामाला वळण देणारं ठरलं. मानसशास्त्रात शिकलेल्या असहायतेचा विचार आहे. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तो मांडला. आपण काहीही केलं तरी काही बदलत नाही, असा अनुभव वारंवार आला की माणूस प्रयत्न करणंच सोडतो. माझा या विचारावर विश्वास आहे आणि त्याच्या आधाराने मी वर्षानुवर्षं काम केलं आहे. पण त्यात एक गोष्ट मला माईंमुळे स्पष्ट दिसली. हातातलं काम जाण्याच्या आधी घरातला शब्द जातो. दृष्टी गेलेल्या माणसाला आपण कपडे घालायला, चहा करायला शिकवू लागतो आणि ते अंग चोरतात, "नको, मला नाही जमायचं" म्हणतात, तेव्हा अडचण हाताची नसते. ज्या घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही, तिथे शिकायचं कशासाठी, असं ते मनात म्हणत असतात. म्हणून मी क्रम उलटा केला. आधी निर्णय परत द्यायचे, कौशल्यं नंतर.

मी घरच्यांना सांगितलं, पुढचे काही दिवस माईंना काहीही शिकवू नका. फक्त विचारा. भाजी काय आणायची, डाळ कुठली शिजवायची, वाण्याची यादी काय. आणि घरात काय आहे, काय संपत आलंय ते त्यांना सांगत राहा.

सून गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी परत सगळं त्यांना विचारूनच करायचं?"

तिचा प्रश्न रास्त होता. नोकरी सांभाळून स्वयंपाकघर तिने अंगावर घेतलं होतं, आणि आता कुठे ते तिच्या पद्धतीने चालू लागलं होतं. अशा वेळी सुनेला समजूतदारपणाचे धडे देऊन काही साधत नाही. आम्ही सरळ वाटणी केली. सकाळचे डबे सुनेचे, त्यात माईंनी बोलायचं नाही. संध्याकाळची भाजी-आमटी आणि महिन्याचा किराणा माईंचा.

पुढच्या भेटीला मुलगा तक्रार घेऊन आला. "आई चिडायला लागलीय. तूरडाळीच्या भावावरून माझ्याशी भांडली." मला फार आनंद झाला, आणि तो का झाला हेही मी त्याला समजावून सांगितलं. त्याच भेटीत माई आपण होऊन म्हणाल्या, "मला फोडणी करायचीय."

ती फोडणी मी त्यांच्या घरी जाऊन पाहिली. आधी पदर खोचला. कढई शेगडीवर ठेवली, बोटांनी कड चाचपून ती मध्यावर आहे याची खात्री केली, आणि मगच गॅस पेटवला. हा क्रम मी सगळ्यांना सांगते: भांडं आधी, आग नंतर. तेल ओतायचं नाही, रुंद तोंडाच्या डब्यातून पळीने घ्यायचं. मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी कायम घड्याळाच्या बाराच्या जागी, तिथून पुढे ठरलेल्या क्रमाने बाकीच्या. माईंनी तळहात कढईच्या बराच वर धरून तेलाची धग अजमावली आणि मोहरी टाकली. मुलगा दारात हात पुढे करून उभा होता. मी त्याला तिथेच थांबवलं. मोहरी तडतडली, आवाज उतरत आला, आणि कुणी सांगायच्या आत जिरं पडलंही.

सून म्हणाली, "आई, मी तरी कुठे बघते? मीही आवाजच ऐकते की."

त्या क्षणी त्या घरातली भीती उतरली. मी इतक्या भेटींतून जे सांगू पाहत होते, ते सुनेच्या तोंडून आलं आणि म्हणून माईंना पटलं. आपला स्वयंपाक निम्मा कानाने आणि नाकाने होतो, भाकरी तर तळहाताने होते. दृष्टी गेली तरी ही शिदोरी जाग्यावर असते. घरच्यांनी ती शाबूत आहे असं धरून चालायला हवं.

चिरण्यावरून मात्र माईंचं आणि माझं जमलं नाही. मी सुरी आणि पाट सुचवला, त्यांनी विळीच घेतली. पातं जागचं हलत नाही, हलतो तो आपला हात, आणि आपला हात कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य करावं लागलं.

घरच्यांसाठी थोडं. दारं सताड उघडी ठेवा किंवा पूर्ण लावा. अर्धवट उघडं दार कपाळावर बसतं. चपला आणि बादली वाटेत नकोत, आणि टीपॉय हलवला तर सांगा. खोलीत आलात तर बोला, जाताना "मी जातेय" म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. "तिकडे आहे" याचा उपयोग नाही. "उजव्या हाताला, ओट्याच्या टोकाशी" असं सांगा. बाहेर नेताना त्यांचा दंड पकडून ढकलू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. नोटा ओळखायला लांबीचा फरक उपयोगी पडतो. शिवाय शंभरावर उठावाचा त्रिकोण असतो आणि पाचशेवर वर्तुळ, पण जुनी नोट गुळगुळीत झालेली असते, म्हणून प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालायची सवय बरी. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' हे ॲप २०२० पासून आहे. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत सांगतं.

आणखी एक गोष्ट, जी माणसं कुणालाच सांगत नाहीत. माईंनी ती खूप उशिरा, आवाज खाली आणून सांगितली. भिंतीवर रांगोळ्या दिसतात, कधी चिमुकली माणसं रांगेने जाताना दिसतात. आवाज नाही, काही नाही. आपल्याला वेड लागतंय असं त्या धरून बसल्या होत्या, आणि घरात कळलं तर देवर्षी गाठतील ही भीती वेगळीच. याला चार्ल्स बॉने लक्षणसमूह म्हणतात. बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत त्याची नोंद केली. डोळ्यांकडून येणारं चित्र थांबलं की मेंदू स्वतःच चित्रं काढू लागतो. हे वेड नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला. मात्र आवाज ऐकू येत असतील, दिसतं ते खरंच वाटत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं असेल, तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

सध्या माईंचा झगडा बँकेशी आहे. मुलाबरोबर संयुक्त खातं करा, मगच एटीएम कार्ड मिळेल, असं तिथे सांगितलं गेलं. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी भेदभाव न करता द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना कळवलं आहे. मुलगा म्हणाला, "आई, संयुक्त केलं तर काय बिघडलं?" माई म्हणाल्या, "तुझं काही बिघडणार नाही रे." जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला सहीपुरती खिडकी कापून त्या रोज दुपारी सहीचा सराव करतात. शाखाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज सुनेने लिहून दिलाय, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही असं दोघींचं ठरलंय.